हीलरला लढता आलंच पाहिजे!

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात दर नव्या कॅम्पेनला (मोहिमेला) तेच. क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारं मांत्रिक पात्र (हीलर), घेतला की बाकीचे खेळाडू म्हणणार, "तू मागे थांब, फक्त बरं करत राहा." अहो, खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं गणित तरी बघा! २०१४ च्या नियमांत पहिल्या पातळीचं क्युअर वुंड्स (जखमा भरण्याचा मंत्र) म्हणजे एक डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेचा आकडा). +३ धरला तर सरासरी साडेसात जीवन-गुण परत. ओगर या राक्षसाचा एक फटका सरासरी १३ चा. २०२४ च्या सुधारित नियमांत दोन डी८ केले, तरी सरासरी १२च. म्हणजे स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा) आणि ॲक्शन (फेरीतली मुख्य कृती) दोन्ही खर्चून तुम्ही मागेच, आणि ओगर तसाच उभा. तो एक फेरी आधी मेला असता तर अख्खा फटकाच वाचला असता.

हीलिंग वर्ड हा दुसरा बरं करणारा मंत्र बोनस ॲक्शन (फेरीतली जादा छोटी कृती) का आहे, याचा विचारच कोणी करत नाही. साथीदार शून्य जीवन-गुणांवर, बेशुद्ध पडला की ६० फुटांवरून त्याला उठवायचं आणि त्याच फेरीत मुख्य ॲक्शनने सेक्रेड फ्लेम हा हल्ल्याचा मंत्र टाकायचा. हीलिंग वर्ड फक्त तोंडी आहे, त्यामुळे त्यासाठी गदा-ढाल खाली ठेवायलाही लागत नाही.

क्लेरिक स्वतः पाचव्या पातळीला पोचला की स्पिरिट गार्डियन्स हा मंत्र मिळतो: भोवती १५ फुटांतल्या शत्रूंना तीन डी८ चा मार. तो मागे उभं राहून वापरणार कसा? शत्रूंमध्ये घुसावंच लागतं. मार बसला की कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (मंत्र टिकवण्यासाठी फासा टाकणं), किमान १० चा. म्हणून कॉन्स्टिट्यूशन (शरीराची चिवटता) चांगलं हवं, ढाल हवी, जमल्यास वॉर कास्टर फीटही (हा सेव्ह सोपा करणारं खास कौशल्य). आणि बाकीच्यांना हवा असतो मागे उभा राहणारा दवाखाना!