भेंडीच्या पाण्याने गुडघ्याची गादी उगवत नाही

मावशीने दीड महिना गुडघ्याचे व्यायाम बंद ठेवलेत, हे मला परवा सांगलीला गेल्यावर कळलं. ओट्यावर स्टीलच्या पेल्यात चार भेंड्या उभ्या चिरून भिजत घातलेल्या, वर बशी झाकलेली. "एकवीस दिवसांचा एक फेरा झाला गं, हा दुसरा," असं म्हणत तिने मोबाइल पुढे केला. हाच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच वाचायला हवा होता.

मेसेजचा मथितार्थ असा: शरीरात चार प्रकारच्या ऊती असतात. त्या सगळ्या दर सात वर्षांनी नव्या कोऱ्या होतात. म्हणजे गुडघ्याची झिजलेली गादीही आपोआप भरून येते, तिला फक्त 'वंगण' आणि आराम हवा. तेव्हा २१ दिवस अनशापोटी भेंडीचं पाणी प्या आणि गुडघ्यावर भार टाकू नका. शेवटी दोन शेपटं: व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते, आणि चरबी म्हणजे शरीरातला कचरा.

चार ऊती हे बरोबर आहे. नववीला मी दरवर्षी शिकवते: अस्तर धरणारी अभिस्तर ऊती, जोडणारी-आधार देणारी संयोजी, हालवणारी स्नायू ऊती आणि निरोप पोचवणारी चेता ऊती. पुस्तकातलं एक खरं वाक्य वर ठेवलं की खाली काहीही खपतं. लबाडी आहे ती 'सगळ्या' या शब्दात.

सात वर्षांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात. रक्तातली तांबडी पेशी १२० दिवस टिकते. (रक्त हीसुद्धा संयोजी ऊतीच. यावर वर्गात दरवर्षी कुणीतरी हुज्जत घालतंच.) हाडाचाही वर्षाला दहाएक टक्के भाग नवा होतो. पण म्हणून सगळं?

हे मोजलेलं आहे, आणि कशाच्या जोरावर, तर अणुबॉम्बच्या. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झाला. तो झाडांत गेला, धान्यात गेला, आपल्यात आला. अशा उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याच्या १९६३ च्या करारानंतर तो वर्षागणिक उतरत गेला. त्यामुळे पेशीच्या डीएनएत तो किती आहे हे पाहून ती कधी जन्मली हे काढता येतं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने ही पद्धत बसवली. २००९ साली त्यांनी हृदयाचा हिशेब मांडला: हृदयाच्या स्नायुपेशी पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उभ्या जन्मात निम्म्याही बदलून होत नाहीत. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशी तर जन्मापासूनच्या त्याच.

आता मावशीचा गुडघा. गुडघ्यातली गादी म्हणजे कास्थी, तीही संयोजी ऊती. २०१६ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हीच कार्बन-१४ ची पद्धत गुडघ्याच्या कास्थीला लावली. कास्थीला घट्टपणा देणारी कोलॅजेन या प्रथिनाची जाळी वाढीच्या वयात विणली जाते आणि मोठेपणी ती जवळजवळ बदलतच नाही, झिजलेल्या गुडघ्यातसुद्धा नाही, असं त्यांना दिसलं. मावशी ६८ वर्षांची आहे. तिच्या गुडघ्यात जी जाळी उरलीय, ती ती परकर-पोलक्यात शाळेत जात होती तेव्हाची.

याचं कारणही सोपं आहे. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. आत विरळ विखुरलेल्या पेशींना खाणं मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर खेळतो पाऊल टाकताना. भार पडला की कास्थी स्पंजासारखी दबते, सुटला की द्रव ओढून घेते. म्हणजे 'भार टाकू नका' हा सल्ला तिला उपाशी ठेवण्याचा आहे! या एका ओळीबद्दल माझा सगळ्यात जास्त राग आहे. बाकीचं नुसतं खुळचट आहे, हे घातक आहे.

खुळचट म्हणजे भेंडी. चिकट आहे, म्हणून वंगण. याच न्यायाने डिंक खाल्ला की मोडलेलं हाड चिकटायला हवं (तसं मानणारेही आहेत म्हणा). भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे एक प्रकारचा तंतुमय पदार्थ. आपल्या पाचकरसांना तो फुटत नाही, आतड्याच्या अस्तरातून तसाच्या तसा पार होत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो. पोट साफ होत असेल, गुडघा नाही. सांध्यातलं वंगण सांध्याच्या आतलं पातळ आवरण जागच्या जागी तयार करतं.

शेपटांना फार वेळ देत नाही. स्नायूची चरबी होत नाही, दोन्ही ऊती वेगळ्या. स्नायू वापराविना बारीक होतो, चरबी वाढते ती जास्तीच्या खाण्यामुळे, आणि दोन्ही एकदम घडलं की 'झाली' असं वाटतं. आणि कचरा मूत्रपिंडाभोवती उशीसारखा कशाला बसेल? पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरकही, १९९४ साली सापडलेलं, चरबीच्याच पेशी बनवतात.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर मेसेज टाकणाऱ्या काकांचं उत्तर आलं: "करून पाहायला काय जातं?"

काल मावशीला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी टेपने उजव्या मांडीचा घेर मोजला आणि जुन्या कागदावरच्या आकड्याशेजारी लिहिला. दीड महिन्यात दीड सेंटिमीटर कमी.