‘लकवा झालेल्याला धाप लागू देऊ नका’ : हा सल्ला कुठे चुकतो

लकवा झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला येतो : त्यांना दमवू नका, धाप लागली तर दुसरा झटका येईल. आणि सहा महिन्यांत सुधारेल तेवढंच. पुढे व्यायामाचा उपयोग नाही.

‘दमवू नका.’ लकव्यानंतर अनेकांचा दमसास त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या जवळपास निम्म्यावर आलेला असतो. त्यात पाय ओढत चालायचं, म्हणजे तेवढ्याच अंतराला श्रम जास्त. बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी माणूस थकतो, म्हणून बसून राहतो, आणि बसून दमसास आणखी घटतो. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देणारं घर प्रेमापोटी हेच वाढवत असतं.

‘धाप लागली तर दुसरा झटका.’ भीती समजण्यासारखी आहे, पण पुरावा काय सांगतो? अमेरिकेत सिनसिनाटी, कॅन्सस आणि डेलावेअर इथे झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लकवा झालेले ५५ जण होते. आठवड्यातून ३ दिवस, ४५ मिनिटं, १२ आठवडे चालण्याचा व्यायाम. एक गट मध्यम गतीने सलग चालला. दुसरा ३० सेकंद झेपेल तितक्या जोरात चालायचा, मग ३० ते ६० सेकंद थांबायचा. शेवटी ६ मिनिटांत कापलेलं अंतर पहिल्या गटात सरासरी २७ मीटरने वाढलं, दुसऱ्यात ७१ मीटरने. व्यायामामुळे गंभीर अपाय कुणालाही झाला नाही. अर्थात ५५ जणांत क्वचित घडणारा धोका दिसेलच असं नाही. शिवाय त्यांची आधी ईसीजी लावून स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना हृदय कसं चालतं याची तपासणी, झाली होती आणि पडू नयेत म्हणून पट्ट्यांचा आधार होता. घरच्या अंगणात कुणाच्या देखरेखीविना हे करून बघू नये.

‘सहा महिन्यांनंतर उपयोग नाही.’ मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. वरच्या अभ्यासातल्या लोकांना लकवा होऊन ६ महिने ते ५ वर्षं झाली होती! ‘आता काय व्हायचं ते झालं’ हे ऐकून किती जणांनी काठी कोपऱ्यात ठेवून दिली असेल.

सल्ल्यात तथ्य आहे ते सुरुवातीच्या काळापुरतं. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात २,१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना लकव्यानंतर २४ तासांच्या आत आणि वारंवार अंथरुणातून उठवलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत ५० टक्के. जर्मनीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात, लकव्यानंतर ५ ते ४५ दिवसांत ट्रेडमिलवर चालवल्याने अंग सैल सोडण्याच्या व्यायामापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रासाच्या घटना जास्त झाल्या. घाई नको, हे खरं. पण त्यावरून कायमची विश्रांती सिद्ध होत नाही.

तेव्हा पुढच्या तपासणीला न्यूरॉलॉजिस्टला थेट विचारा : स्ट्रेस टेस्ट करून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जोराचा व्यायाम सुरू करता येईल का? बीटा-ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर तेही सांगा. त्या गोळीमुळे ठोके फारसे वाढत नाहीत, म्हणून फक्त नाडी मोजून श्रमाचा अंदाज चुकतो.