कणकेच्या गोळीला चोर कळत नाही

मावशीची अंगठी आठ दिवस सापडत नाहीये. परवा तिनं मला सगळीकडे फिरणारा एक मेसेज पाठवला आणि विचारलं, "करून बघू का गं?" मेसेजचं म्हणणं असं: प्राचीन ग्रीक लोक पिठावरून अचूक भविष्य सांगत. संशय असेल त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, कणकेच्या गोळ्यांत घाला, पाण्यात सोडा. पहिली गोळी फुटेल तो चोर. फॉर्च्युन कुकी (आत भविष्याची चिठ्ठी असलेलं बिस्किट) यातूनच आली, आणि आपल्या शास्त्रांतही हेच सांगितलंय. मावशीच्या यादीत पहिलं नाव होतं अकरा वर्षं तिच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंचं. तेव्हा मात्र मला राहवेना.

ग्रीक लोक पिठावरून शकुन बघत, हे मान्य. हेसिकियसच्या जुन्या ग्रीक शब्दकोशात अपोलो देवाला 'पिठावरून भाकीत करणारा' असं विशेषण आहे. पण ते मेंढ्याच्या काळजावरून आणि पक्ष्यांच्या उडण्यावरूनही शकुन बघत. भाकितं खरी ठरली, हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

कुकीचं तर साफ चूक. चिठ्ठीची बिस्किटं भाजणाऱ्या माणसाचं चित्र यासुको नाकामाची या संशोधिकेला १८७८ च्या एका जपानी पुस्तकात सापडलं. जपानी लोकांबरोबर ही कुकी कॅलिफोर्नियात गेली आणि पुढे तिथल्या चिनी हॉटेलांत आली.

आता शास्त्र. 'दिव्य', म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवायची परीक्षा, होतं, नाही कोण म्हणतं? चोरीच्या संशयितानं तांदूळ चावून थुंकायचे; रक्त दिसलं, टाळू सोलली किंवा अंग थरथर कापलं, तर तो दोषी. अंग कापलं तर! चारचौघांत उभं करून चोर म्हटल्यावर कोणाचं अंग कापणार नाही? ज्याची नोकरी, अब्रू, मुलांच्या फिया त्या घरावर आहेत, तो निर्दोष असला तरी जास्तच कापेल. आणि शास्त्राचाच दाखला द्यायचा तर याज्ञवल्क्य स्मृती पूर्ण वाचा: 'प्रमाणं लिखितं भुक्तिः साक्षिणश्चेति कीर्तितम्, एषामन्यतमाभावे दिव्यान्यतममुच्यते.' म्हणजे लेखी पुरावा, वहिवाट, साक्षीदार हे आधी. यातलं काहीच नसेल तेव्हा दिव्य. मावशीनं अजून घरही नीट शोधलेलं नाही.

राहिली गोळी. काल रात्री मी चार गोळ्या केल्या आणि चारही चिठ्ठ्यांवर माझंच नाव लिहिलं. तरी एक आधी सुटली, कारण तिची कणीक सैल होती. एक तर सकाळपर्यंत तशीच तळाशी होती.

मावशी, ताईंना यातलं एक अक्षरही बोलू नकोस. रविवारी मी येते. कणीक मळताना तू अंगठी काढून ओट्यावर ठेवतेस, मी पाहिलंय. आधी पिठाचा डबा रिकामा करू, मग सिंकखालचा पाइप उघडू.