‘शॉटगनला नेम धरावा लागत नाही’ म्हणे!

टर्की या पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम जवळ आला की इकडे अमेरिकेत एक सल्ला हमखास फिरू लागतो. यंदा तो आमच्या मिझुरीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवरही येऊन धडकला: ‘साडेतीन इंची मॅग्नम काडतूस घ्या, सगळ्यात घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे एकवटणारा निमुळता तुकडा) बसवा, झालं. शॉटगन म्हणजे फवारा, तिला नेम धरावा लागत नाही. साठ यार्डांवरचा पक्षीही पडतोच. कागदावर पॅटर्न (छर्रे कुठे, किती पसरून पडतात ते) तपासणं म्हणजे काडतुसांची नासाडी.’

शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी फवारा. घट्ट चोकमधून सुटलेले छर्रे दहा यार्डांवर जेमतेम मुठीएवढ्या जागेत असतात. टर्कीची शिकार म्हणजे मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावणं, त्यामुळे तो दहा-पंधरा यार्डांवर येऊन उभा राहतो आणि नेमका तिथेच बार हुकतो. शिवाय अंगावर मारून उपयोग नाही. पिसं, पंख आणि छातीचं जाड मांस यांत छर्रे अडकतात, पक्षी जखमी होऊन झाडीत जातो आणि सापडत नाही. छर्रे लागायला हवेत डोक्यात आणि मानेच्या मणक्यात.

हे डोकंही अजब असतं. गोव्याहून आलेली टर्की पाहून जहांगीर बादशहाने लिहून ठेवलं होतं की तिचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं. त्याचा चित्रकार मन्सूर याने १६१२च्या सुमारास तिचं चित्रही काढलं. लाल, पांढरा, निळा हे ते रंग. म्हणूनच या शिकारीला जाताना हे तीन रंग अंगावर घालायचे नाहीत, रुमालसुद्धा नाही; दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजायचा.

आता नेम. माझ्या मित्राने नवी बाराबोअर शॉटगन घेतली. वीस यार्डांवर तपकिरी कागद ताणून लावला, मधोमध मार्करने टर्कीचं डोकं काढलं, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि स्वस्तातलं हलकं काडतूस उडवलं. छर्र्यांचा घोळका पडला वीतभर वर आणि डावीकडे, डोकं जवळजवळ कोरं. वर जाण्याचं कारण लगेच दिसलं: बार काढताना तो गाल दस्त्यावरून उचलत होता. डोळा वर गेला की नळीही वर जाते. डावीकडचं मात्र बंदुकीचंच होतं, गाल टेकवूनही ते गेलं नाही. शेवटी रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी, नेम सरकवता येणारी दुर्बीण) बसवून जुळवून घेतलं. हे जंगलात कळलं असतं तर?

साडेतीन इंची काडतूस १९८८मध्ये आलं ते मुख्यतः बदक-हंसांच्या शिकारीसाठी. तिथे शिशाऐवजी स्टीलचे हलके छर्रे वापरायचे, ते जाडही लागतात, म्हणून जागा जास्त हवी. लांब काडतुसात छर्रे जास्त मावतात, पण म्हणून ते लांब जात नाहीत. उलट खांद्याला असा धक्का बसतो की दुसऱ्या बाराच्या आधीच माणूस डोळे मिटतो. चोक अति घट्ट असला तर शिशाचे छर्रे नळीच्या तोंडाशी चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. कुठली बंदूक, कुठला चोक आणि कुठलं काडतूस यांचं जमतं, हे फक्त कागद सांगतो.

साठ यार्डांचं काय? चाळीस यार्डांवर दहा इंची वर्तुळात शंभरेक छर्रे, हा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा. शंभर भरले नाहीत तर पुढे सरकून मोजायचं. भरतील तिथे तुमची हद्द.

‘९ नंबर म्हणजे चिमण्या मारायचे छर्रे,’ असंही त्या निरोपाखाली कुणीतरी लिहिलं होतं. छर्र्यांचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, त्यामुळे शिशाच्या बाबतीत हे खरं आहे. पण टीएसएस म्हणजे टंगस्टनचे छर्रे. त्यांची घनता १८च्या आसपास, शिशाची ११. त्यामुळे टंगस्टनचा बारीक ९ नंबर शिशाच्या ५ नंबरइतका खोल शिरतो. शिशाचे ५ नंबरचे छर्रे औंसात १७० बसतात, हे ३६०च्या घरात. म्हणून आता बाराबोअरहून बारीक नळीची वीस बोअरची, अगदी त्याहून बारीक ४१०ची हलकी बंदूकही टर्कीला पुरते. नंबर निवडताना राज्याचा नियम मात्र बघा. मिझुरीत ४ नंबरहून जाड छर्रे चालत नाहीत.

राहिली नासाडी. टीएसएस महाग आहे, हे मान्य. पण नेम जुळवायला स्वस्तातली हलकी काडतुसं चालतात. खरी काडतुसं शेवटी दोन-तीनच लागतात, आणि तीही जी शिकारीला नेणार तीच, त्याच कंपनीची, त्याच नंबरची.

मित्राने परतताना काडतुसांच्या खोक्यावर मार्करने आपली हद्द लिहून टाकली: ३८ यार्ड.