16 व्या वर्षी आईवडिलांपासून ‘घटस्फोट’? तो मेसेज चुकीचा आहे

“अमेरिकेत मूल 16 वर्षांचं झालं की कोर्टात अर्ज करून आईवडिलांपासून घटस्फोट घेतं. मग त्याला मोठ्यांचे सगळे हक्क मिळतात, कुणी अडवू शकत नाही. भारतातही हीच सोय आहे.” हा मेसेज महिनाभरात तीन ग्रुपांवर आला. खाली घाबरलेल्या आयांचे प्रश्न होते. मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे इथला कायदा समोर ठेवूनच उत्तर देते.

सगळ्या अमेरिकेला लागू असा एकच नियम नाही. याला इथे ‘इमॅन्सिपेशन’ म्हणतात, म्हणजे अल्पवयीन मुलाला आईवडिलांच्या कायदेशीर ताब्यातून मोकळं करणारी कोर्टाची घोषणा, आणि ते राज्याराज्यांत वेगळं आहे. कॅलिफोर्नियात 14 व्या वर्षापासून अर्ज करता येतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र मुलाने असा थेट अर्ज करून कोर्टाकडून घोषणा मिळवण्याची प्रक्रियाच नाही.

‘घटस्फोट’ हा शब्द तर साफ दिशाभूल करणारा. नातं तुटत नाही, वारसाहक्कही जात नाही. संपतं ते पोसण्याचं बंधन. मुलाच्या कमाईवर आणि वागण्यावर आईवडिलांचा कायदेशीर ताबा उरत नाही, पण त्याच दिवसापासून त्यांच्याकडे खर्च मागायचा मुलाचा हक्कही संपतो. मेसेजमध्ये ही दुसरी बाजू नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

रुसून कोर्टात गेलं आणि कागद घेऊन आलं, असंही होत नाही. मूल आधीपासून वेगळं राहत असावं लागतं, तेही आईवडिलांच्या संमतीने किंवा निदान त्यांनी हरकत न घेता. स्वतःचे पैशांचे व्यवहार ते स्वतः सांभाळत असावं, कमाई गुन्ह्यातून आलेली नसावी, आणि हे त्याच्या हिताविरुद्ध नाही अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते.

अर्जासोबत ईएम-115 नावाचा जमाखर्चाचा फॉर्म असतो. ओळखीतल्या एका 15 वर्षांच्या मुलाने तो आमच्या जेवणाच्या टेबलावर भरायला घेतला होता. भाड्यापाशी थांबला, म्हणाला, “मावशी, मित्राकडे राहिलो तर शून्य लिहू?” मग किराणा. मग फोन, जो बाबांच्या प्लॅनवर. डॉक्टरचा विमा आईच्या नोकरीतून. अर्ध्या तासाने त्याने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या घरातलं भांडण खोटं नव्हतं. पण ते मिटवायला हा फॉर्म उपयोगाचा नव्हता.

आपल्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. एच-फोर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेल्या मुलांना इथे काम करायची परवानगीच नसते. मग ती कायदेशीर कमाई दाखवणार कुठून?

आता “सगळे हक्क”. जे मिळतात ते खरोखर मोठे आहेत: बंधनकारक करार, घर भाड्याने घेणं, मालमत्तेची खरेदी-विक्री, स्वतःच्या उपचारांना संमती, मृत्युपत्र, दावा लावणं. पण दावा त्याच्यावरही लागतो. मतदान तरीही 18 लाच. दारू 21 लाच. 18 पर्यंतचं सक्तीचं शिक्षण चुकत नाही, आणि नोकरीसाठी अल्पवयीनांचा परवाना लागतोच. फक्त त्याचा अर्ज मूल स्वतः करू शकतं. पुढे ते निराधार झालं, तर कोर्ट दिलेली घोषणा मागेही घेऊ शकतं.

भारताबद्दलचं वाक्य सरळ खोटं आहे. आपल्याकडे अशा अर्जाची तरतूद नाही. 1875 च्या सज्ञानता कायद्यानुसार 18 वर्षं पूर्ण व्हावीच लागतात. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1903 साली मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरवलं. लग्नानेही मुलगी सज्ञान होत नाही. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात विवाहित अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक म्हणून नवऱ्याचं नाव आहे, म्हणजे ताबा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तिच्या हाती येत नाही.

घरात मार बसतो म्हणून एखादं मूल हा मेसेज वाचून कोर्टाचा रस्ता शोधत असेल, तर त्याला इमॅन्सिपेशनची नाही, संरक्षणाची गरज आहे. भारतात 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. कॅलिफोर्नियात शाळेतल्या शिक्षकांना किंवा समुपदेशकांना सांगा. छळाचा संशय आला तरी कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.