'नीचा नगर' ही कुरोसावांची नक्कल नाही

चेतन आनंदांचा 'नीचा नगर' हा हिंदी चित्रपट म्हणजे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या 'दोन्झोको' या चित्रपटाची चोरी, असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे ढकलला, चूक माझी. नुसती सालं बघा: 'नीचा नगर'ला कान महोत्सवात ग्रां प्री हे सर्वोच्च पारितोषिक (विभागून) मिळालं १९४६ मध्ये, 'दोन्झोको' आला १९५७ मध्ये! दोघांचं मूळ रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीचं १९०२ चं नाटक. कुरोसावांनी ते जुन्या एदोतल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) मोडक्या खोपटात नेलं, पण शेवट तोच ठेवला: गळफासाची बातमी येते आणि एक जण रंगाचा बेरंग केला म्हणून करवादतो. आपल्याकडे, 'नीचा नगर'मध्ये, गोष्टच बदलली. श्रीमंताने गटाराचं पाणी गरीब वस्तीत सोडलेलं. तो मेसेज कृपया थांबवा. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.