विद्युत दुरुस्ती व देखभाल

परवा शाळेच्या कार्यालयात मानधनाच्या व्हाउचरवर सही करताना माझ्या असे लक्षात आले की, उन्हाळी वर्गात आठवी-नववीच्या मुलांना मी जे काही शिकवले, ते शाळेच्या हिशेबात ‘विद्युत दुरुस्ती व देखभाल’ या सदराखाली जमा झाले आहे. अर्जात मी वर्गाचे नाव ‘इलेक्ट्रॉनिक संगीतनिर्मिती’ असे स्पष्ट लिहिले होते. त्यातील पहिला शब्द वाचताच बडेबाबूंनी फाइल मिटली असावी.

“बाबूजी, हा संगीताचा वर्ग होता,” मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले.

“हो ना जी मॅडम, मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण प्लग होता का नाही?”

“होता.”

“मग झालं. प्लग जिथे, तिथे विद्युत.”

या सिद्धान्ताला उत्तर म्हणून मी शाळेच्या संगीत शिक्षकांकडे बोट दाखवले. त्यांचा तानपुरा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्यालाही प्लग आहे, तरी त्यांचे वेतन दुरुस्तीच्या सदरातून निघत नाही. बडेबाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सर तो सेलवर चालवतात.” माझा लॅपटॉपही बॅटरीवर चालतो, असे मी सांगितले. “अन् ते बॅटरी भरते कशावर? सेल दुकानातून येते, बॅटरी बोर्डातून भरते. बोर्डातून आलं का माझ्या हेडमध्ये आलं. अन् तुम्ही काहून नाराज होऊन राहिल्या? पैशाले काय हेडचा वास येते?”

येतो, असे मला म्हणायचे होते. पण मागे उभ्या असलेल्या एका पालकाला टीसी हवी होती आणि तो माझ्याकडे, एखादी वायरमन बाई बिलासाठी किती अडून बसते, अशा नजरेने पाहत होता. तरीही मी इतिहासाचा आधार घेतला. ज्या पेटीला आपण इतके घरचे मानतो, तिचे पेटंट 1842 मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यांनी घेतले आणि आपल्याच आकाशवाणीने 1940 मध्ये तिला प्रसारणातून हद्दपार करून पुढची तीन दशके बाहेर उभे ठेवले, हे मी त्यांना ऐकवले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्येच मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य, बसवला गेला होता आणि 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या 808 या तालयंत्राच्या व 303 या बेसयंत्राच्या साथीने राग वाजवून ध्वनिमुद्रित केले होते, तेव्हा हे काही कालचे खूळ नव्हे, असेही मी बजावले. बडेबाबूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“एकोणसत्तरमध्ये बसवला म्हणता? मग आतापर्यंत त्याले दुरुस्ती लागलीच असन ना?”

एवढ्यावर न थांबता, मी आलेच आहे तर संगणक कक्षातल्या कूलरची मोटर जरा पाहून घ्यावी, अशी सूचनाही त्यांनी केली.

त्या कूलरशी माझा परिचय मात्र दुरुस्तीवाल्यापेक्षा सखोल आहे. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून ध्वनिमुद्रण करू म्हणणारा माणूस बाहेरगावचा असतो. बंद केला तर मुले आणि संगणक एकदमच मान टाकतात, आणि चालू ठेवला तर प्रत्येक मुलाच्या आवाजामागे तो अखंड घोंघावत राहतो. हाय-पास फिल्टर लावून खालचे आवाज छाटता येतात, पण वाऱ्याची सळसळ शिल्लक राहतेच. शेवटी नववीतल्या एका मुलीने मायक्रोफोन सरळ कूलरसमोरच धरला. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे मोटरची गुणगुण 100 हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच या पट्टीपेक्षा जेमतेम चढी. तिने ती सुमारे 35 सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) उतरवून सुरात बसवली आणि तिच्यावर भूप गायली. मी वर्षानुवर्षे ज्या आवाजाला शिव्या देत आले, त्याचा तिने षड्ज केला, आणि व्हाउचरवर लिहिले आहे ‘देखभाल’.

गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवणाऱ्या एका मुलाने कीबोर्डवर संदलचा, म्हणजे उरुसाच्या मिरवणुकीतला, ठेका इतका झोकदार वाजवला की, मला त्याला काही शिकवायचेच उरले नव्हते. तरी अभ्यासक्रमात आहे म्हणून मी क्वांटाइझचे बटण दाबायला लावले, त्याबरोबर प्रत्येक ठोका मात्रेच्या चौथ्या भागाच्या रेघांवर जाऊन निमूट उभा राहिला. मुलाने ऐकले आणि म्हणाला, “मॅडम, हे तर पीटीच्या तासासारखं झालं.” मग अर्धा तास आम्ही ते ठोके हाताने पुन्हा थोडे पुढेमागे सरकवत बसलो. यंत्राला ताल कळतो, पण ताशेवाला ठोका किती उशिरा मारतो ते त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणे हेच या विद्येतले बरेचसे काम आहे.

पालकसभेत मात्र एक गृहस्थ उठून म्हणालेच, “सगळं कॉम्प्युटरच वाजवते तर पोरगा काय करते?” मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्यात, आवाज नसतोच, कोणता सूर, केव्हा आणि 0 ते 127 यांपैकी किती जोराने एवढ्याच सूचना असतात आणि त्या सगळ्या माणसाने द्यायच्या असतात, हे मी समजावले. त्यावर त्यांनी, असे असेल तर फी कमी करता येईल का, असे विचारले. तबल्याच्या शिक्षकाला, सगळे तबलाच वाजवतो तर तुम्ही काय करता, असे विचारलेले मी अजून ऐकलेले नाही.

असो. बडेबाबूंनी शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला मागितला, कारण त्याशिवाय दुरुस्तीचे बिल ऑडिटमध्ये अडकते. दुरुस्त केलेल्या वस्तूंची यादीही हवी होती. मी ‘कान, एकूण तीस जोड’ असे लिहिले. त्यांनी ते न हसता खोडून ‘ट्यूबलाइट’ केले आणि आकडा तसाच ठेवला. मी सही केली, कारण पैसे मला हवे होते.

प्रश्न मुलांच्या प्रमाणपत्रांचा राहिला. छापलेली प्रमाणपत्रे मी पुढे केली आणि त्यांवर शाळेचा शिक्का मागितला. बडेबाबूंनी शिक्क्याची डबी उघडली, प्रमाणपत्र दोनदा वाचले आणि डबी परत मिटली.

“वाटा ना मॅडम, बिनधास्त वाटा. पण शिक्का नाही मारता येत. शिक्का मारला का वर्ग झाला होता, असं होते.”